पितळी पान

दाराशी एक पितळी पान ठोकलंय.
दर सोमवारी मी ते घासते, व्हिनेगर आणि जुना मोजा.
पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात,
मग कुणीतरी विचारतं : ही हिरवी इमारत ना?
मी म्हणते, राखाडी आहे. बघा की.

आत चार मजली झाडांची भिंत.
तिला रात्रभर दिवे, रात्रभर पंप.
तालिनच्या फेब्रुवारीत नेचे मान टाकतात,
आणि मार्चात हॉलंडहून ट्रक येतो
नव्या नेच्यांचा.
मेलेले मी मागच्या दारानं नेते.
मागच्या दाराचे फोटो कुणी काढत नाही.

पाचव्या मजल्यावर हेल्वे हिशेब लिहिते.
ती स्थिर बसली की छतातल्या डोळ्याला वाटतं
खोलीत कुणी नाही, आणि दिवा जातो.
मग अंधारात ती दोन्ही हात हलवते,
आहे, आहे, अजून आहे मी!
बेरीज पुन्हा पहिल्यापासून.

या जागी पूर्वी लाकडी घर होतं, दुमजली,
खाली न्हावी, वर बिऱ्हाडं.
नव्वद वर्षांची तुळई कापली तेव्हा
राळेचा वास आला, ताजा.
चार दिवसांत सगळं ट्रकमध्ये.
वीज वाचते त्याचा तक्ता लिफ्टजवळ लावलाय.
तुळईचा रकाना मी शोधला.
चष्मा लावूनही शोधला.

तर झालं असं, की उत्तरेचं दार शीळ घालायचं.
कोप्लीच्या खाडीवरचा वारा थेट माझ्या गुडघ्यात.
तीन अर्ज केले. उत्तर आलं :
दार प्रमाणित आहे.
मग नवऱ्याचे नमद्याचे बूट काढले
(तो गेला त्याला सहा वर्षं झाली, बूट चांगले होते),
पट्ट्या कापल्या, चौकटीला खिळवल्या.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअर आर्गो खाली आला,
हातात आलेख, रेघ घसरलेली.
कुठली नवी यंत्रणा बसवली, कुणी, कितीला?
मी उरलेला बूट दाखवला.
तो बुटाकडे बघत राहिला,
मग आलेखाकडे,
मग म्हणाला, हे अहवालात कसं लिहायचं?

मी दार लावून दाखवलं.
काहीच ऐकू आलं नाही.