उपयोगिता प्रमाणपत्र

डिकीत दोन ढोलक्या मावत नाहीत, म्हणून एकच.
एक गोधडी, जी कधी नदी होते, कधी प्रेत,
आणि तालीम लांबली तर माझी.
खडूचा डबा. हजेरीचं रजिस्टर.
आधार कार्डाच्या झेरॉक्स तेवीस,
कारण नगर निगमात माणूस दाखवून चालत नाही.

सकाळी मल्हारगंज, आठवी ब, 'पाणी वाचवा',
पंचेचाळीस मिनिटं, त्यातली दहा प्रार्थनेची.
दुपारी बँकेच्या लोकांना टीम स्पिरिट:
गोलात उभे राहा, डोळे मिटा, आता पडा,
मागचा झेलेल.
शाखा व्यवस्थापक पडत नाहीत.
मागे कोण उभं आहे ते त्यांना माहीत आहे.

सी.ए. तांबवेकर विचारतात,
मॅडम, नाटक हे वस्तूत धरायचं की सेवेत?
मी म्हणते, उधारीत धरा.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी एकदा लिहिलं होतं,
'दिग्दर्शन ठीक. भाषेला हिंदीचा वास.'
वास तर येणारच ना भिया,
आम्ही चार पिढ्या याच हवेत फोडणी देऊन राहिलो.

संध्याकाळी परदेशीपुरा.
बोलावणं साडेसहाचं, माणसं सव्वासातला.
कुणाचा नळ आलेला, कुणाची सून गेलेली.
गेंदाबाई बौरासी मात्र सहालाच येऊन
ओट्यावर बसलेली, मिलच्या भिंतीकडे पाठ करून.

तिच्यासाठी मी दीड पान लिहिलं होतं.
भोंगा थांबला त्या दिवसाबद्दल,
चांगलं होतं, मला स्वतःला रडू आलेलं लिहिताना.
अकरा दिवस झाले, पाठ होईना.
बाराव्या दिवशी म्हणाली, "बेन, इत्तो कुण बोले?
मिल में तो बोलताज नी था."

मशीनच्या आवाजात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही.
हाताने बोलायच्या.
आणि तिने दाखवलं,
बोटं अशी: पाणी.
दोन बोटं नाकाशी: मुकादम येऊन राहिला.
तळहात कानाला: तुझी पोरगी पाळणाघरात रडतेय.
मग एक, पोटाशी, फार लहान,
ते तिने सांगितलं नाही काय ते.
हॉलच्या दुसऱ्या टोकाला, चहाचे ग्लास विसळणाऱ्या
शकूरन आपाने ओले हात वर करून उत्तर दिलं.
दोघी हसल्या. तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी गोष्टीला.
ढोलकवाला इरफान वाजवायचा थांबला.
मी पेन्सिल शोधली आणि दीड पान खोडलं.
सोपं नव्हतं. पहिली ओळ अजून आवडते.

प्रयोगाला एक्केचाळीस माणसं, अर्धी मुलं.
पार्षद नारळ फोडून गेले
आणि त्यांच्या मागोमाग लाईट.
स्कूटर आत घेतली, हेडलाईट भिंतीवर मारला,
त्यात त्यांचे हात, भिंतीवर हातांहून मोठे हात.
इंजिनाची फडफड फार होत होती.
बंद करू का, विचारलं, तर गेंदाबाईने मान हलवली.
असाच होता, म्हणाली, आवाज.
मग ती जे काही बोलत राहिली
ते पेट्रोल संपेपर्यंत.

आता हा फॉर्म.
लाभार्थी संख्या. संवाद कोणत्या भाषेत.
आशय, पन्नास शब्दांत.
प्रत्येक सहभागीच्या सहीचा फोटो जोडावा.
सह्या आहेत. नऊ अंगठे आहेत.
भाषेच्या चौकटीत मी 'मराठी/हिंदी' लिहिलं, खोडलं,
'माळवी' लिहिलं, खोडलं,
आता तिथे कागदच पातळ झालाय.

त्या रात्री निघताना
गेंदाबाई दारात उभी होती, चिमणी मागे,
हाताने काही तरी म्हणाली, मनगट दोनदा, बोटं मिटून.
हा शब्द तिने तालमीत शिकवला नव्हता.
मी तोच तसाच परत केला
आणि स्कूटर ढकलत पाटनीपुऱ्याच्या पंपापर्यंत आले.
पंप बंद होता.