बद्द

बाबा युद्धाआधी कप वाजवायचे.
चिनीमातीचा कारखाना, बोहेमियातलं गाव, नदीच्या वळणावर.
लाकडी काडीची कडेवर एक टिचकी:
खणखणीत असेल तर डावीकडं,
बद्द वाजला तर मागच्या अंगणात, खापरांच्या ढिगात.
दिवसाला दोन हजार. पगार बेताचा.
कानाला मात्र गावात मान होता.

डोंगराच्या पोटात नेल्यावर विचारलं,
काय येतं तुला?
म्हणाले, ऐकता येतं.
हसले म्हणे सगळे. मग हातात हातोडी दिली.

तिथं दिवस नव्हता.
बोगद्यातच झोपायचं, चार मजली फळ्यांवर,
एक पाळी उठली की तिच्याच उबेत दुसरी आडवी.
दगडाची पांढरी भुकटी पापण्यांवर, पावावर, खोकल्यात.
आणि रुळांवरून सरकत यायची ती लांब धडं
ज्यांना आकाश मिळणार होतं.

बाबा पंपांच्या आवरणांवर हातोडी मारायचे.
खणखणीत. "ठीक."
बद्द. "ठीक."
एवढंच.
सुरुंगांच्या गदारोळात ते बद्द त्यांनाच ऐकू यायचं,
आणि तडा शिक्का घेऊन पुढं जायचा.
चार महिने.

मला वाटलं, गोष्ट संपली.
आठ वर्षांची होते. टाळ्या वाजवल्या.

ओस्तापचं नाव त्यांनी घेतलं त्यानंतर वीस वर्षांनी,
बटाटे सोलताना, मान वर न करता.
पोल्टाव्हाकडचा. सतरा, फार तर अठरा. लेथवर होता.
वरच्या तपासणीत एक आवरण सापडलं.
त्यावर तपासणाऱ्याचा शिक्का पुसट,
लेथवाल्याचा क्रमांक मात्र नीट कोरलेला.
(शिक्का पुसट का होता, मी विचारलं नाही.)
माल उचलायची क्रेन होती, तिलाच.
पाळी बदलताना सगळ्यांना त्याच्या खालून जावं लागलं,
उंच माणसांना मान वाकवून.
बाबा उंच होते.

"तो तडा मी ऐकला होता," म्हणाले.
सुरी थांबली नाही. साल लांबच लांब निघत राहिली.

शेवटपर्यंत कॉफी एकाच कपातून,
तडकलेल्या, चीर ओठांपासून पलीकडं फिरवून.
आम्ही नवे आणायचो. ते फडताळात ठेवायचे,
न वाजवता.

आज फडताळ रिकामं करताना
एकेक कप काढते, कडेवर नख मारते.
मला सगळे सारखेच वाजतात.
शेजारीण विचारते, यातले चांगले कुठले?
मी म्हणते, ठीक आहेत. ने सगळे.