कपाचा कान

पाटीवर मी एजो वाचलं. नेलने सुधारलं: आहो.
आहो, ॲरिझोना.
मी हसले. आमच्याकडे जुन्या बायका
नवऱ्याला अशी हाक मारतात, म्हटलं.
"म्हणजे खाण बंद पडल्यापासून गाव हाका मारतंय,
आणि कुणी ओ देत नाही."

नेल टॅकेट, वय एकाहत्तर.
तांब्याच्या खाणीत डंपर चालवायची,
उजवा कान तिथेच ठेवून आली.

माझं काम विहिरींची खोली मोजायचं.
टेप सोडायची, ओलं कुठवर आलं ते वाचायचं,
लिहायचं: गेल्या वर्षीपेक्षा चार फूट खाली.
तिच्या बोअरमध्ये टेप कोरडीच वर आली.
"पाणी नाही, तर माती तरी ने," म्हणाली.

पूर ओसरल्यावर वॉशच्या काठी
चिखल वाळतो, पापडासारख्या कडा वळतात,
तिथून बादल्या भरल्या. चाळल्या.
मुरूम, चुनखडी, काडतुसाची पितळी टोपी.
तिने चिमूटभर जिभेवर ठेवली, मग मीही.
खारट. दोघी थुंकलो.

कपांना कान लावले,
सकाळी सगळे फळीवर पडलेले.
मातीचे कुल्ले लावून लागतात का, मी पुटपुटले,
आणि ते इंग्रजीत सांगताना
कुल्ल्यांपाशी अडले. शेवटी थोपटून दाखवले.
नेल खोकला येईपर्यंत हसली.
मग सुई घेऊन कपाला ओरखडे काढले,
मग कानाला.
"दोन्हीकडे खरवडायचं. एकीकडे खरवडून काही धरत नाही."
मध्ये पातळ चिखल. दाब.

एकवीस वर्षं झाली मला या देशात.
काही बोलले नाही. सुई तिच्या हातातून घेतली.

जळण मेस्किटचं, उभ्या उभ्या मेलेल्या झाडांचं.
मेस्किट म्हणजे आपली वेडी बाभूळ.
इथे तिला कुणी वेडी म्हणत नाही,
हे तिचं माहेर.

तीस तास. माझी पाळी रात्री दोन ते पाच.
झाकण सरकव, तीन ओंडके, झाकण लाव.
धुरांड्यातून काळी जीभ, मग केशरी,
मग नुसतं ताऱ्यांचं थरथरणं.
डावा कान विटांकडे करून नेल ऐकायची:
"धापा टाकतेय. भूक लागलीय तिला."
माझी एक भुवई जळाली.

साठातले अठरा धड निघाले.
राख वितळून ओघळलेली, शेवाळी,
शेवाळ कधी न पाहिलेल्या मुलखात.
गरम असतानाच पाण्यात बुडवायला हवे होते,
आतल्या खड्यांचा चुना शमला असता.
पण टँकर मंगळवारी येतो,
आणि तो शनिवार होता.

टूसॉनला, सहाव्या रात्री, स्वयंपाकघरात
टक्.
कपाच्या पोटातून नखाएवढी कपची उडाली,
तिच्याखाली चुन्याचा पांढरा ठिपका,
हवेतली ओल पिऊन फुगलेला.
या हवेत ओल आहे तर.
ती मोजायला माझ्याकडे टेप नाही.

नेलला फोन लावला.
"कान?" तिने विचारलं.
धरून पाहिला, हिसका दिला. आहे.
"मग चहा पी."

प्यायले. बशीत थोडा पाझरला.
दिवा मालवून निघाले, तर मागे अंधारात पुन्हा
टक्.

ओ, म्हटलं.