हेड स्टडी

आमचं कॉलेज दुसऱ्या मजल्यावर.
खाली पिग्मीवाली पतसंस्था,
जिन्यात कुणाच्या तरी चादरींचे गठ्ठे,
त्यांना वळसा घालून वर आलं
की टर्पेंटाईनचा वास.
पट अठरा, हजर अकरा.
त्यातल्या दोघी साडेबाराला उठतात,
त्यांच्या गल्लीत आज नळ येणार, पाच दिवसांनी.
मी अडवत नाही. घागरी माझ्याही घरी आहेत.

प्लास्टरच्या व्हीनसचं फुटलेलं नाक
सायबण्णानं एम-सीलनं बसवलंय,
तेव्हापासून ती अक्कलकोटकडची वाटते.
हिरेमठ सर म्हणतात,
इन्स्पेक्शनला तिचं तोंड भिंतीकडे करा.

मी तासिका तत्त्वावर.
मॉडेलला तासाला माझ्याहून वीस रुपये कमी,
हे मी कुठल्याच मॉडेलला सांगत नाही.

त्या एप्रिलात आला मल्लेशम गाजूल.
अशोक चौकात, चहाच्या गाडीवर सापडलेला.
वय विचारलं, तर म्हणाला,
"मिल बंद पडली तवा पंचेचाळीस.
पुढचं तुमीच मांडा की, बाई."
त्रेचाळीस डिग्री. पंखा बंद,
चारकोलची पूड उडते म्हणून.
तो खुर्चीत बसला तो बसलाच.
घाम हनुवटीवर येऊन थांबायचा,
त्यालाही जणू सांगून ठेवलं होतं.
फक्त मांडीवर बोटं काहीतरी दाबत होती
आणि उजवा पाय खाली, वर, खाली.

"मॅडम, ते हलतायत," शिवशरण म्हणाला.
मी म्हटलं, आपल्याला डोकंच काढायचंय.

चहाच्या सुट्टीत तो उठला,
हात मागे बांधून बोर्डाबोर्डांमधून फिरला.
तरन्नुमच्या हातात पाव बघून थबकला.
"हे खोडायला?"
"हो काका, रबरापेक्षा बरा निघतो."
त्यानं मान हलवली. कशासाठी, कळलं नाही.
मग प्रणोती कोंड्यालच्या कागदापाशी
बराच वेळ.
"डोळा चार घरं खाली आलाय."
"घरं?"
त्यानं नखानं कोऱ्या जागेत रेघा ओढल्या,
उभ्या, आडव्या. दिसत नव्हत्या,
पण ती बघत राहिली, दिसत असल्यासारखी.

त्याच कागदावर सकाळी मी 'छान' लिहिलं होतं.

मिलमध्ये तो कार्डं पंच करायचा.
ग्राफवरचं एकेक घर म्हणजे एक भोक,
आणि मोराला कार्डं दोन हजारांवर.
"एकदा एक भोक चुकलं.
सहाशे चादरींवर चोच वाकडी."
"मग?"
"मग काय, थंडी होती. विकल्या."

घरी जाऊन मी पेटीतली चादर उलगडली.
मोर नव्हता. नुसत्या चौकडी.

चौथ्या दिवशी तो आला नाही.
सायबण्णा जाऊन आला. मोतीबिंदू, म्हणाला,
कुठल्याशा शिबिरात नंबर लागलाय.
रिकाम्या खुर्चीवर उन्हाचा पट्टा
आणि अकरा बोर्डांवर अकरा अर्धे म्हातारे.
कुणी आठवून कान पुरा केला,
कुणी शेजाऱ्याचा बघून.
प्रणोतीनं कागदाखाली दुसरा कागद चिकटवला,
त्याखाली तिसरा,
आणि मान, छाती, गुडघा सगळं कोरं सोडून
तळाशी पाय काढला. उजवा.
टाच उचललेली.

परीक्षक लातूरचे. म्हणाले,
"हेड स्टडीत पाय कशाला?"
ती बोलली नाही. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड,
आमच्यासमोर मराठी;
त्या दिवशी तिन्ही संपल्या असाव्यात.
एकसष्ट मिळाले.
तरन्नुमला बहात्तर, आणि तरन्नुमच रागावली.

वार्षिक प्रदर्शनात हिरेमठ सरांनी ते चित्र
दाराच्या बाजूला लावलं. एवढं लांब
दुसरीकडे मावत नाही, म्हणाले.
दार उघडलं की चेहरा झाकला जायचा
आणि खाली पाय तेवढा उरायचा.

सगळे गेल्यावर मी दार लोटलं.
हात लांब करून पेन्सिल धरली,
एक डोळा मिटला.
मोजलं.
डोळा आता जागेवर होता.
मग आणखी एकदा मोजलं,
आणि माझा 'छान' कुठे पुसट दिसतोय का, ते शोधलं.
तिनं पावानं स्वच्छ पुसला होता.