पत्त्याचा रकाना

गाडी मी चालवतो. औषधातलं मला कळत नाही,
हे आधीच सांगून टाकतो.

केसनंद फाट्यावरून आत, डांबर संपतं तिथे
दर मंगळवारी पावणेसातला हँडब्रेक ओढायचा,
मागचं दार उघडायचं, स्टूल खाली मांडायचं.
मग एलिझा सिस्टर वही उघडतात
आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारतात,
नाव? वय? पत्ता?

नाव सांगतात. वय अंदाजे.
पत्ता विचारला की सगळे वर बघतात.
वर क्रेन, क्रेनखाली अकरावा मजला
(मागच्या मंगळवारी तो नववा होता).
सिस्टर लिहितात : पत्र्याची खोली, ओळ तिसरी.
लोहगावचं विमान डोक्यावरून जातं
तेव्हा डॉक्टर तांबोळी छातीवरची नळी
तशीच धरून ठेवतात, आवाज ओसरेपर्यंत.

सुकांती माझी. नुआपाडा जिल्हा.
तिला मराठी येत नाही, सिस्टरना उडिया.
मधे टुकुनी, तिची मुलगी, नऊ वर्षांची,
टँकरच्या रांगेत मराठी शिकलेली.
"आई म्हणते, रात्री छातीत गिरणी चालते."
थुंकीतून रक्त पडतं का, विचार.
पोरीनं विचारलं.
बाई बराच वेळ काहीतरी बोलत राहिली,
पोरगी खाली बघत म्हणाली, "नाही."
सिस्टरनी काही न बोलता
पदराचं दुमडून खोचलेलं टोक उलगडलं.

औषध सहा महिन्यांचं.
इमारत चार महिन्यांची.
हे गणित मलाही कळलं.

माझा बाप वाघोलीच्या खाणीत खडी फोडायचा.
खोकायचा, सुपारी समजून वेखंड चघळायचा,
पुन्हा घण उचलायचा.
तेव्हा खाणीवर डंपर यायचे, दारूवाला यायचा,
मतं मागणारा एकदा आला होता.
जाऊ दे. विषय सुकांतीचा आहे.

ती मंगळवार चुकवायची नाही.
रिकामी पाकिटं रबरात गुंडाळून आणायची,
सिस्टर मोजायच्या, टुकुनी बोटं मिटत जायची.
दैतारी, तिचा नवरा, लांब उभा राहायचा
सिमेंटच्या हातांनी, जवळ यायला लाजत.
होळीनंतर तिचा ब्लाऊज दंडाला बसू लागला
तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, बघितलंत?
मी बघितलं नव्हतं. हो म्हणालो.

मग एका मंगळवारी ओळ तिसरी नव्हती.
पत्रे एकावर एक रचलेले,
तीन विटांची चूल, बाभळीला पाळण्याचा दोर.
मुकादम म्हणाला, रात्री ट्रक भरला, दुसरी साईट.
कुठली? खांदे उडवले.
सिस्टरांच्या हातात दोन महिन्यांच्या गोळ्या होत्या,
त्या त्यांनी परत खोक्यात ठेवल्या,
मग बाहेर काढल्या, मग पुन्हा ठेवल्या.

गाडीच्या दारावर जो नंबर रंगवलाय तो माझा.
ऑफिसचा फोन कुणी उचलत नाही म्हणून.
ज्येष्ठात, भर दुपारी, मी टायर बदलत असताना
एक अनोळखी नंबर. मागे कुणीतरी तेलुगू बोलतंय,
आणि एकदम, "काका, टुकुनी.
इथल्या दवाखान्यात गोळी दुसऱ्या रंगाची देतात.
आई घेत नाही. तीच का ती?"

औषधातलं मला कळत नाही.
सिस्टर त्या दिवशी ससूनला गेलेल्या.
मी म्हणालो, थांब, ठेवू नकोस,
चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाच,
आणि तिनं एकेक अक्षर सांगायला घेतलं,
इंग्रजी आर म्हणजे चपलेसारखं ना, काका,
आणि लाईन गेली.

पुन्हा लावला. एका माणसानं उचलला,
बराच वेळ समजावत राहिला, चांगला असावा.
मी त्याला माझं नाव सांगितलं,
माझ्या गावाचं, गाडीचं, सिस्टरांचं.
त्याला विटा एवढं कळलं. मला भट्टी.

संध्याकाळी सिस्टरनी वही काढली,
सुकांती माझी, पत्त्याचा रकाना,
जुनी ओळ न खोडता खाली तो नंबर लिहिला.
मग मला एक वाक्य पाठ करायला लावलं,
कुणाला तरी विचारून आणलेलं :
अउषध बंद करनि.

सिग्नलला म्हणतो. डिझेल भरताना म्हणतो.
रात्री फोन उशाशी, आवाज मोठा करून.
बायको विचारते, कुणाचा यायचाय?
मी कूस बदलतो,
तोंडातल्या तोंडात र नीट लागतोय का बघतो.