नळ सोडून झोपणे

टेंभीपाड्यात चढावर आमची खोली.
पाणी पावणेचारला येतं, कधी चारला,
आणि पाइपात दम नसेल तर येतच नाही.

साटमकाकू दर दहा मिनिटांनी उठून तोटी पिळून बघायच्या.
कोरडी. आडव्या व्हायच्या. पुन्हा उठायच्या.
पहाटेपर्यंत डोळे तांबारलेले,
आणि पाणी आलं की नेमकी तेव्हाच डुलकी.

पलीकडचे धुळप नळासमोर पाट टाकून बसत.
बिडी नाही, बोलणं नाही,
आत दूध उतू गेलं तरी हलायचे नाहीत.

आई नळ उघडा सोडायची,
खाली डालड्याचा डबा पालथा,
आणि खुशाल घोरायची.
पहिला थेंब पत्र्यावर वाजला
की आधी तिचा हात जागा व्हायचा, मग ती.

पुढे पवईत, अकराव्या मजल्यावरच्या गार हवेत
या तिघांची इंग्रजी नावं मला शिकवली गेली.
वर पगारही मिळाला.

बाबा चावीवाले. महापालिकेत एकतीस वर्षं.
खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी,
रस्त्यातलं झाकण उचलायचं,
चौदा आटे डावीकडे,
मग सायकल, पुढचं झाकण.
कुणाचा डबा वाजला, कुणाचा राहिला,
ते बघायला थांबले नाहीत.
"मी आटे मोजतो," म्हणायचे, "बादल्या नाही."

यंदा जानेवारीत माझा एक थ्रेड झोपला
तो उठेचना.
बाकीचे एकोणचाळीस कामं उरकून मोकळे,
हा एकटा इशाऱ्याची वाट बघत पडलेला.
लॉग उपसला. इशारा आला होता,
याने डोळे मिटायच्या तीन मिलिसेकंद आधी.
ऐकणारं तेव्हा कुणी नव्हतं
आणि इशारा काही दाराशी चप्पल काढून बसत नाही.

नऊ रात्री गेल्या त्यात.
बाबा निवृत्त, तरी साडेतीनला उठून बसतात,
उजवं मनगट आपोआप वळतं थोडं.
"काय बिघडलंय?"
मी सांगितलं: समजा, पाणी येऊन गेलं,
मग बाईने नळ सोडला.
आता ती झोपलीय, आणि पाणी काही परत यायचं नाही.

हसतील वाटलं होतं.
ते भिंतीकडे बघत राहिले, मग म्हणाले,
"झोपायच्या आधी तिने पिंपात हात घातला का?
भरलेलं असेल तर वाट कसली बघते?
आणि पिंप बघणं नि अंग टाकणं
यांत फट ठेवू नको. त्या फटीतच पाणी येऊन जातं."

मी टाइप करत होते.

"डबा वाजला तरी आधी पिंपच बघायचं.
पाण्यापुढे हवा येते,
तोटी खाकरते, चार शिंतोडे उडतात,
तेवढ्यावर चाळ उठते सगळी, आणि बादलीत काही नाही."

एका 'जर'च्या जागी मी 'जोवर' लिहिला.
त्याच्या वर एक कुलूप, खाली एक.
एवढंच. चाळीसच्या चाळीस उठले.
कमिटच्या टिपेत कारण काय लिहावं
मला बराच वेळ सुचलं नाही.

लॅपटॉप मिटला तेव्हा तीन छप्पन्न.
आईचा डबा अजून त्याच नळाखाली,
तळ गंजून जाळीदार झालेला.
बाबांनी उठून पिंपात कोपरापर्यंत हात घातला.
"कालचंच आहे," म्हणाले, "गच्च."
आणि हात न पुसता
धुळपांसारखे नळासमोर बसले.

"घागांचं पोरगं आहे आता चावीवर.
अकरा मिनिटं उशीर.
आटे मोजत असेल ना?"

खाली कुठेतरी, उतारावर,
कुणाचा तरी पत्रा वाजला.
आमचा अजून नाही.