गंज

कुत्र्यांना नावं ठेवायची नाहीत, असा इथला नियम आहे.
मी एक ठेवलं. चारशे सतरा म्हणजे कनेला,
दालचिनीच्या रंगाची बीगल, वय अकरा,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

रोज तिच्यापुढे दोन ठोकळे मांडते,
पिवळा आणि निळा. खाऊ पिवळ्याखाली.
काल पिवळ्याखाली होता, आजही पिवळ्याखालीच,
आणि ती माझ्याकडे बघते
चुकीच्या थांब्यावर उतरल्यासारखी.

खाणं दोन प्रकारचं येतं, सारख्याच पिशव्यांतून.
एकात ई जीवनसत्त्व, क, पालक, गाजर.
दुसऱ्यात नाही.
कुणाच्या वाट्याला काय, ते पाकिटात बंद.
मला माहीत नसणं, हाच माझा पगार.

घरी बाबा.
एलिसेओ आर्चुलेता, चाळीस वर्षं पाटकरी.
एस्पान्योलाच्या खोऱ्यात कुणाची पाळी कधी,
कुणाचं दार किती बोटं उचलायचं,
सगळं तोंडपाठ; वही कधी लागली नाही.
आता मला विचारतात, तू कुणाची गं?
तुमचीच, मी म्हणते.
"मग तुझी पाळी गुरुवारी."

दुपारी खालच्या मजल्यावर जेलवर ठिपके उमटतात:
गेलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतली प्रथिनं,
ऑक्सिजनने चावलेली गडद, वाचलेली फिकट.
डॉक्टर लिंडक्विस्ट पेन्सिलीनं दाखवतात,
हे बघ, हे साखर जाळायचं. आता नुसतं पडून आहे.
मला आमच्या पाटाचं दार दिसतं,
खाचेत गंजून बसलेलं.
लोखंडाला हवा लागते, एवढंच तर होतं.
बाबा दर मार्चला त्याला जवसाचं तेल चोळायचे.

म्हणून मी बाटली आणली, दुकानातली, साधी.
पिवळ्याधमक कॅप्सूल, उन्हात धरल्या तर मधासारख्या.
डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं
तर त्या म्हणाल्या असत्या, कुत्र्यांत दिसतं ते
माणसांत दिसेलच असं नाही.
खरं आहे ते. तरी
सकाळी एक, रात्री एक.
बाबा शहाण्यासारखा हात पुढे करायचे
आणि मूठ मिटायचे.

मे महिन्यात पाणी सुटलं.
घेवड्याच्या सरीत काही चमकलं म्हणून वाकले:
वीत-वीत अंतरावर, बोटाच्या पेराइतक्या खोल,
कॅप्सूल.
त्रेपन्न मोजल्या. काही फुटून
मातीवर तेलाचे डाग.
बाबा वर बांधावर, फावडं टेकून, दारं धरून उभे.
"बेतानं सोड," म्हणाले, "बी कुजेल."

मी पाणी अर्ध्यावर तोडलं.

आज पाकीट उघडलं.
कनेला साध्या खाण्यावर होती, तिन्ही वर्षं.
परवा मात्र तिनं सलग नऊ वेळा पिवळाच ढकलला होता;
मी नऊ लिहिलं, पुढे रकाना नव्हता.

येताना जवसाचं तेल घेतलं,
लहान डबा,
दारासाठी.